कांचतंतूंची होडी आणि तिचा रंग

जुलैच्या अखेरीस कोंकणपट्टीवरील एखाद्या कोळीवाड्याजवळून जाणाऱ्यास किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. कांहींवर ताडपत्री असते, कांहीं झावळ्यांच्या मांडवाखालीं उपड्या घातलेल्या असतात, आणि पावसानें जरा उघडीप दिली कीं निळा, तांबडा, पिवळा रंग घेऊन माणसें त्यांच्या भोंवतीं जमतात. शहरांतून सहलीस आलेल्या गृहस्थाला ही सणाची तयारी वाटते. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, घराला रंग द्यावा तसा होडीला दिला, इतकेंच. ही समजूत खोटी नव्हे, पण ती अर्धीच खरी आहे. होडीचा रंग शोभेपेक्षां अधिक कांहीं करतो, आणि तो टिकेल कीं नाहीं हें रंगाच्या डब्यावर फारसें अवलंबून नसतें. डबा उघडण्यापूर्वीं जें काम झालें असेल त्यावर तें ठरतें.

हें समजण्यासाठीं दोन होड्यांची कल्पना करावी. दोन्ही एकाच सांच्यांतून निघालेल्या, एकाच वयाच्या, वाळूवर शेजारीं शेजारीं ठेवलेल्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, मासेमारी बंद असते. एका नाखव्यानें मेच्या मध्यालाच जाळीं गुंडाळून होडी वर ओढली. दुसऱ्यानें ३१ मेपर्यंत समुद्र सोडला नाहीं. दुसऱ्याच्या पदरीं पंधरा दिवसांची कमाई अधिक पडली, पहिल्यानें तितकी गमावली. ऑगस्टमध्यें दोन्ही होड्या सारख्याच झळकत पाण्यांत उतरतील. खरा निकाल पुढच्या मे महिन्यांत लागेल.

आतां ही होडी कशाची केलेली असते तें पाहूं. कांच म्हटली कीं फुटणारी वस्तु डोळ्यांपुढें येते. परंतु कांच वितळवून तिचे केसापेक्षांही बारीक तंतु ओढले कीं ती वळते, विणतां येते आणि मोठा ताण सोसते. नुसत्या तंतूंना मात्र आकार नसतो व त्यांना पाणीही अडवितां येत नाहीं. म्हणून त्यांना पॉलिएस्टर नांवाच्या राळेंत भिजवितात. ठराविक प्रमाणांत उत्प्रेरक मिसळला कीं ही पातळ राळ थोड्या वेळांत घट्ट होते. तंतु बळ देतात, राळ त्यांना धरून ठेवते; कुडाच्या भिंतींत कामट्या आणि माती यांचें जें नातें, तेंच येथें आहे. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं अशी लहान होडी बांधली, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर हा प्रकार देशोदेशीं पसरला. १९५७ सालीं स्थापन झालेल्या कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें लाकडी होड्यांवर याच तंतूंचें कवच चढविण्याचें काम केलें. पुढें चांगलें लाकूड महाग व दुर्मिळ होत गेलें, तशी कांचतंतूंची होडी पश्चिम किनाऱ्यावरही रुळली.

ही होडी बाहेरून आंत अशा क्रमानें बांधली जाते. सांच्याच्या गुळगुळीत अंगाला प्रथम मेण चोळतात. नाहीं तर होडी सांच्यालाच चिकटून बसेल. त्यावर रंग मिसळलेल्या राळेचा सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. त्याला कारागीर जेलकोट म्हणतात. त्यामागें तंतूंच्या चटया व विणलेलें कापड राळेंत भिजवून एकावर एक बसवितात. होडी सांच्यांतून निघाली कीं जेलकोट हीच तिची कातडी ठरते. म्हणजे तिला रंग जन्मतःच असतो. मग पुन्हा रंग कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

त्याचें उत्तर ऊन आणि पाणी हें आहे. उन्हांतील अतिनील किरण राळेची घडण हळूहळू मोडतात. प्रथम झळाळी जाते. पुढें होडीवरून हात फिरविला तर खडूसारखी पांढरी भुकटी बोटांना लागते. पाण्याचें काम याहून गुप्त असतें. जेलकोट पाणी अडवितो, पण सर्वस्वीं नव्हे. पाण्याचे सूक्ष्म कण त्यांतून आंत झिरपतात. आंत एखाद्या ठिकाणीं राळ नीट पिकलेली नसेल किंवा हवेची पोकळी राहिली असेल, तर तेथें हें पाणी विरघळणारे पदार्थ घेऊन दाट, आंबूस द्राव बनतें. कोरड्या मनुका पाण्यांत टाकल्या कीं त्या ज्या नियमानें फुगतात, त्याच नियमानें हा दाट द्राव बाहेरचें पाणी आपल्याकडे ओढतो. शास्त्रांत यास परासरण म्हणतात. आंतला दाब वाढतो आणि कातडीवर फोड उठतात. असा फोड टोंचला असतां पुष्कळदां शिरक्यासारखा वास येतो. फोडांकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष झालें तर तंतु आणि राळ यांची पकड सुटूं लागते. आणि होडीचें सारें बळ त्या पकडींत असतें. भर समुद्रांत लाटेचा तडाखा सोसावयाचा असतो तो तिनेंच.

तेव्हां रंग ही कातडीवरची दुसरी कातडी आहे. ती पहिलीला घट्ट धरून बसली तरच तिचा उपयोग. आणि येथेंच त्या ६१ दिवसांचें कोडें उभें राहतें: होडी किनाऱ्यावर असते ती नेमकी वर्षांतील सर्वांत ओल्या दिवसांत.

घरीं थंड पाण्याचा पेला भरून ठेवला कीं बाहेरून त्याला घाम फुटतो. हवेंतील वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन पृष्ठावर बसते, त्याला दवबिंदु म्हणतात. पावसाळ्यांत हवा ३० अंश सेल्सिअस आणि तिच्यांतील आर्द्रता शेंकडा ८५ असेल, तर दवबिंदु सुमारें २७ अंशांवर येतो. रात्रीं गार झालेलें होडीचें अंग सहज तितकें उतरतें, आणि सकाळीं त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा पदर असतो. त्यावर दिलेला रंग होडीला न चिकटतां ओलाव्यावर तरंगतो. म्हणून जाणते कारागीर दोन नियम पाळतात: आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर असतां रंग काढूं नये, आणि होडीचें अंग दवबिंदूपेक्षां निदान तीन अंश तरी अधिक उष्ण असावें. उलट मेच्या दुपारीं हवा ३३ अंश व आर्द्रता शेंकडा ६० असली, तर दवबिंदु २४ अंशांच्या आसपास राहतो, म्हणजे नऊ अंशांचें अंतर मिळतें. पहिल्या नाखव्यानें पंधरा दिवसांची कमाई देऊन जी वस्तु विकत घेतली ती ही कोरडी हवा होय.

कामाचा आरंभ परीक्षेनें होतो. होडी गोड्या पाण्यानें धुवून मीठ काढल्यावर तिच्या सर्वांगावरून लांकडी मोगरीनें किंवा नाण्यानें हलके टकटक करीत जावें. घट्ट भाग खणखणीत वाजतो. थर सुटलेले असले तर आवाज बद्द येतो. जेलकोटवरच्या रेषाही वाचतां आल्या पाहिजेत. एका बिंदूपासून चांदणीसारखे फांकलेले तडे बहुधा आघाताचे असतात. इंजिनाच्या बैठकीजवळ किंवा कोपऱ्यांत ओळीनें पडलेले तडे तो भाग वाकत असल्याचें सांगतात. तेथें नुसती लांबी भरून रंग दिला तर तडा झांकतो, वाकणें थांबत नाहीं. रंग लावण्यापूर्वींचे हे दोन तास खलाशांच्या जिवाशीं संबंध ठेवतात, कारण एकदां रंग चढला कीं पुढें वर्षभर कोणाला कांहीं दिसणार नसतें.

त्यानंतर मेण व तेल काढावयाचें. नव्या होडीवर सांच्याचें मेण असतें, जुनीवर इंजिनाचें व माशांचें तेल. पुष्कळ जण येथें चुकतात, आणि प्रथम घांसूं लागतात. घांसल्यानें मेण जात नाहीं. कागदानें पाडलेल्या ओरखड्यांत तें अधिक खोल दडपलें जातें. म्हणून आधीं साबणाचें पाणी, मग मेण विरघळविणारें द्रावण, आणि नंतरच कागद, हा क्रम मोडतां कामा नये. द्रावण लावतांना दोन फडकीं घ्यावीं: एकानें लावावें, आणि सुकण्यापूर्वींच दुसऱ्या कोरड्यानें टिपून घ्यावें. एकच फडकें फिरवीत राहिलें तर मेण इकडचें तिकडे होतें, एवढेंच. काम झालें कीं नाहीं याची परीक्षा कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. तेलकट ताटावर पाणी ओतलें तर त्याचे मणी होतात; स्वच्छ ताटावर तें सपाट पसरतें. होडीवर गोडें पाणी शिंपडून तें अखंड पसरलें, तर मेण गेलें. थेंब गोळा होऊं लागले, तर पुन्हा फडकें हातांत घ्यावें.

मग पॉलिश पेपरचें काम. गुळगुळीत कांचेवर रंग धरत नाहीं. त्याला रुतण्यास बारीक ओरखडे लागतात. पाण्याखालच्या भागास ८० ते १२० नंबरचा कागद चालतो. वरच्या भागावर अस्तर देण्यापूर्वीं १८० ते २२०, आणि शेवटच्या चकचकीत हातापूर्वीं ३२० च्या आसपासचा. आंकडा वाढतो तसा कागद मऊ होत जातो. झळाळी सर्वत्र जाऊन अंग एकसारखें मंद दिसलें पाहिजे, आणि खडूसारखी भुकटी अगदीं निघून घट्ट जेलकोट लागला पाहिजे. मात्र जोराच्या भरांत जेलकोट ओलांडून तंतु उघडे पाडूं नयेत. ज्या दोन-चार दिवसांत कांहींच रंगीत दिसत नाहीं आणि खांदे मात्र भरून येतात, ते हेच दिवस. घाई करणारा नाखवा वेळ वांचवितो तो नेमका येथें.

दुरुस्तीस घाई त्याहून वाईट. वरवरचा तडा थोडा रुंद करून भरतां येतो. जेथें थरच भंगले असतील तेथें सडका भाग काढून कडांना लांब उतार द्यावा लागतो. जाडीच्या सुमारें बारापट रुंदीचा उतार असला कीं नव्या तंतूंना जुन्यांवर पुरेशी पकड मिळते. फोड असतील तर ते उघडून आंतला आंबट द्राव गोड्या पाण्यानें पुन्हा पुन्हा धुवावा, आणि भाग सुकूं द्यावा. यास कित्येक आठवडेही लागतात. भरण्यास इपॉक्सीची लांबी वापरावी. मोटारीच्या पत्र्यास लावतात ती स्वस्त पॉलिएस्टरची लांबी पाण्याखालीं लावूं नये. ती पाणी पिते, आणि ज्या रोगावर औषध म्हणून लावली त्याचेंच मूळ होऊन बसते. अंग सुकलें कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें बंद करून एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं आंतून वाफ धरलेली दिसली, तर होडी अजून ओली आहे.

एवढें झाल्यावर अस्तर. इपॉक्सीचें अस्तर दोन डब्यांत येतें, आणि दोहोंचें प्रमाण अंदाजानें ठरवून चालत नाहीं. हार्डनर अधिक घातला तर लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. अधिक हार्डनर मोकळा राहून थर कच्चा करतो. दोन्ही एकत्र झालीं कीं रासायनिक क्रिया सुरूं होऊन उष्णता निघते, आणि उंच डब्यांत ती साठून सारें मिश्रण भराभर घट्ट होतें. म्हणून थोडें थोडें कालवावें व पसरट भांड्यांत ओतून घ्यावें. दमट हवेंत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट पदर येतो. पुढच्या हातापूर्वीं तो पाण्यानें धुवून काढला नाहीं, तर वरचा रंग त्याच्याबरोबर सुटतो.

पाण्यावरच्या भागास साधा एकडबी इनॅमल किंवा दोनडबी पॉलियुरेथेन देतात. दुसरा अधिक कठीण व टिकाऊ, पण महाग. शिवाय त्यांतील तीव्र द्रावण जुन्या इनॅमलला फुगवून उचलतें, म्हणून खालीं कोणता रंग आहे हें जाणल्यावांचून तो लावूं नये. काम दोघांनीं करावें: एकानें रोलरनें पातळ थर पसरवीत जावें, दुसऱ्यानें लागलीच मागून कोरड्या ब्रशच्या टोंकानें बुडबुडे व रेघा मोडीत यावें. एक जाड हात देण्यापेक्षां दोन-तीन पातळ हात नेहमीं बरे. भर उन्हांतही रंग लावूं नये. वरची साय लवकर धरते आणि आंत कोंडलेलें द्रावण फोड आणतें. सकाळचें दव वाळल्यावर आरंभ करावा, आणि संध्याकाळचें दव पडण्यापूर्वीं रंग सुकेल इतक्या बेतानें थांबावें. शेवटीं नोंदणीचा क्रमांक ठळक, दुरून वाचतां येईल असा काढावा. संकटांत होडीची ओळख त्यावरूनच पटते.

तळाचा रंग ही निराळी विद्या आहे. खाडींत उभ्या राहणाऱ्या होडीच्या तळास थोड्याच आठवड्यांत शेवाळ, शिंपले व बार्नकल धरतात. बार्नकल दिसतो शिंपल्यासारखा, पण जातीनें खेकडे-कोळंबीचा नातलग आहे. तळ खरखरीत झाला कीं होडी जड चालते आणि इंधन अधिक जळतें. पूर्वीं गलबतांच्या तळाला चुना व चरबी यांचा लेप देत. १७६१ सालीं इंग्रजी आरमारानें अलार्म नांवाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविला. आजच्या तळरंगांतही बहुधा तांब्याचेंच ऑक्साइड असतें. तें हळूहळू सुटून जीवांना चिकटूं देत नाहीं. मधल्या काळांत, १९६० नंतर, कथिलाचें एक संयुग फार प्रभावी म्हणून गाजलें. पण त्याचा प्रभाव होडीपाशीं थांबला नाहीं. फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरांत कालवांचीं कवचें विकृत होऊन त्यांची पैदास बुडाली, आणि १९८२ सालीं फ्रान्सनें लहान होड्यांवर त्याचा वापर बंद केला. कांहीं सागरी गोगलगाईंच्या माद्यांत तर नराचीं इंद्रियें उगवलेलीं आढळलीं. अखेर २००१ सालीं आंतरराष्ट्रीय करार होऊन तो १७ सप्टेंबर २००८ पासून अमलांत आला. ज्या खाडीवर कोळ्याचें पोट चालतें तिच्यांतच विष कालवणें हा कसला व्यवहार? म्हणून तळरंग आवश्यक तेवढाच द्यावा. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीस तो बहुधा लागतच नाहीं. जुना तळरंग कोरडा घांसूं नये, ओला करून घांसावा, आणि खरवड ताडपत्रीवर गोळा करावी. ती भरतीच्या स्वाधीन करूं नये.

आणि माणसाच्या शरीराचाही विचार हवा. कांचतंतूंची धूळ कातडीस खाजविते व फुप्फुसांत जाते. म्हणून मुखपट्टी, चष्मा व हातमोजे यांना चैन समजूं नये. राळेच्या उत्प्रेरकाचा एक थेंब डोळा घालवूं शकतो. उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें निदान पंधरा मिनिटें डोळा धुवून वैद्यकीय मदत घ्यावी. उत्प्रेरक आणि कोबाल्टचा त्वरक हीं दोन्हीं एकमेकांत सरळ कधींही मिसळूं नयेत. स्फोट होऊं शकतो. दोनडबी पॉलियुरेथेन फवाऱ्यानें उडविल्यास त्यांतील आयसोसायनेटमुळें कायमचा दमा जडण्याची भीति असते. साध्या किनाऱ्यावर तो ब्रश-रोलरनेंच लावणें शहाणपणाचें.

आतां त्या दोन होड्यांकडे परत जाऊं. वर्ष उलटून पुन्हा मे आला आहे. पहिलीचा रंग उन्हानें थोडा उतरला असेल, पण तो जागेवर आहे. यंदा ती धुतली, हलक्या कागदानें घांसली आणि वर एक हात दिला, कीं भागलें. पंधरा दिवस सोडण्याचें कारण उरलें नाहीं. दुसरीचा रंग मात्र पापुद्र्यांनीं सुटतो आहे. एखादा पापुद्रा उचलून उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीला पांढरी भुकटी लागलेली दिसेल. रंग होडीला चिकटलाच नव्हता. भुकटीला चिकटला होता. तो सारा खरवडून काम पहिल्यापासून करणें आलें, आणि पैसा पुन्हा तितकाच, किंबहुना अधिक, लागणार.

दुसऱ्या नाखव्याला दोष देणें सोपें आहे. इंजिनाच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर असेल, त्याला मेचे पंधरा दिवस सोडवत नाहींत. अशानें काम वांटून घ्यावें: एका वर्षीं तळ, दुसऱ्या वर्षीं वरचें अंग, आणि निदान धुणें, मेण काढणें व घांसणें एवढें तरी पाऊस लागण्यापूर्वीं उरकून होडी पक्क्या छपराखालीं घ्यावी, म्हणजे उघडिपीच्या कोरड्या दिवसाची वाट पाहतां येते. थोडें केलें तरी चालेल. पण जेवढें करावयाचें तेवढें मुळापासून करावें.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्राला वाहून होड्या पाण्यांत लोटल्या जातील, तेव्हां बघ्यांचे डोळे रंगावरच खिळतील, आणि तें योग्यच आहे. त्या रंगाखालीं किती दिवसांचें घांसणें आहे, हें मात्र त्यांना दिसणार नाहीं. तें नाखव्याला आणि समुद्राला ठाऊक असतें.